वजनाच्या मागची बाजू

वडिलांकडे चार स्टेशनं होती:
मशीद, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड.
म्हणजे तिथली वजनाची यंत्रं.
लाल-पिवळे दिवे, गरगरणारी चकती,
नाणं गिळणारी फट
आणि टपकन पडणारं पुठ्ठ्याचं कार्ड.
एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

दत्ताराम पेडणेकर, मेकॅनिक,
दर मंगळवारी मागचं झाकण उघडून
मुंबईचं भविष्य भरायचे.
गठ्ठा आपटून सारखा करायचा, सरकवायचा, कुलूप.
"नशीब शेकड्याच्या भावाने येतं," म्हणायचे,
"आणि ग्रीस लावलं नाही तर अडकतं."

गजाकाकाला एकदा आलं: जल्दबाजी में हानि है।
काका मुळातच सावकाश,
त्याला छापील पुरावा मिळाला.
गिरणीने हिशेब देऊ केला तेव्हा थांबला.
वाशीला खोली स्वस्तात मिळत होती, थांबला.
कुसुम नावाची एक बाई
दोन वर्षं त्याच्यासाठी थांबली,
मग नाही थांबली.
वडील त्याला दहादा म्हणाले,
अरे, ते कार्ड मी भरलंय, याच हातांनी.
त्याच्या खालचं होतं 'साहस करो',
ते तुझ्यामागच्या शेंगदाणेवाल्याला गेलं.
काका म्हणाला, "बघ. मला नाही आलं ना."

आईचं कार्ड देव्हाऱ्यात असायचं.
वजन एक्केचाळीस किलो.
माझ्या आधीचा एक जण तीन दिवस राहून गेला होता
आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची,
असं शेजारची मुमताझआपा सांगते.
वडील तिला चिंचपोकळीला घेऊन गेले,
"चल, वजन तरी करू."
नाणं त्यांनीच टाकलं.
मागच्या बाजूला: आपल्या हाताला गुण आहे.

घरी येऊन तिने म्हणे बराच वेळ
आपले हात पाहिले,
कुणी विसरून गेलेली वस्तू पाहावी तसे.
आठ दिवसांनी मुमताझआपाच्या सुनेची कंबर चोळून दिली.
मग नायरमध्ये आया म्हणून अर्ज,
मग सुइणीचं शिक्षण, मग रात्रपाळी,
सत्तावीस वर्षं.
मदनपुऱ्यात, आग्रीपाड्यात
आज पोट सुटलेली, कर्जाचे हप्ते भरणारी कितीतरी माणसं
जगात येताना आधी तिच्या तळहातावर आली.

सगळीच रडली नाहीत.
त्या पहाटे ती घरी यायची, चहा नको म्हणायची
आणि कार्ड उलटं ठेवायची,
वजनाची बाजू वर.
दोन दिवस. कधी चार.
मग कुणीतरी जिन्यावरून हाक मारायचं
आणि पदराला हात पुसून
ती ते पुन्हा पलटायची.

वडील गेल्यावर माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली.
यंत्रं निघाली तेव्हा उरलेली कार्डं, सातआठशे असतील.
एकेक पाहिलं.
धनलाभ, विदेश यात्रा, मित्रों से सावधान.
सगळी हिंदीत, खाली इंग्रजी.
मराठी एकही नाही.
आणि तळाशी, ठाकूरद्वारच्या कुठल्याशा छापखान्याची
पिवळी पडलेली पावती:
कार्ड. नग एक. रुपये दोन.

ती घेऊन आईसमोर बसलो.
आई तांदूळ निवडत होती.
पावती लांब धरून वाचली,
ताटाखाली सरकवली.

"मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाली.
"गुणातला ण बसका होता.
आणि शाई ओली. बोटाला लागली."

"मग?"

"मग काय.
माणूस एका कार्डासाठी ठाकूरद्वारपर्यंत चालत गेला.
म्हटलं, त्याला खोटं पाडायला नको."

आणि एक खडा दिसला तिला,
तो उचलून बाजूला टाकला.